रिकाम्या खोलीचं वर्कशॉप करताय? आधी फरशीचा विचार करा

संशोधनाची तयारी म्हटलं की आपल्याकडे नेट, सेट, पेट, गाइड आणि संशोधन प्रस्ताव एवढ्यावरच बोलणं थांबतं. हाताने उपकरण जुळवण्याचा विषय क्वचितच निघतो. पण प्रायोगिक विषय घेणार असाल तर सोल्डरिंग, ड्रिल, कानस आणि छोटीमोठी जोडणी यायलाच हवी. आपल्याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजा असतील आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा कामात आरसा, लेझर, निर्वात नळी, कंपन थांबवणारी रचना असं सगळं कुणाला तरी हातानेच बसवावं लागतं.

हा सराव करायचा कुठे? कॉलेजची प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते आणि विद्यापीठ नांदेडला. मग औंढ्यात असो, वसमतला असो की कळमनुरीला, घरातली एखादी दहा बाय दहाची खोली रिकामी असते, ती आपण मागून घेतो. तिथे पहिला प्रश्न येतो फरशीचा. घरचे "फरशी खराब करू नको" म्हणतात तेव्हा त्यांचं चुकत नाही. आपल्या घरांत लोक फरशीवर बसतात, जेवतात, गादी टाकून झोपतात, लहान मूल तिच्यावरच रांगतं. शिवाय एक टाइल फुटली तर तिच्या रंगाची आणि मापाची दुसरी काही वर्षांनी मिळत नाही, कारण प्रत्येक बॅचची शेड थोडी वेगळी असते. खोली भाड्याची असेल तर डिपॉझिटही अडकतं. आणि फरशी गेली की घरच्यांची परवानगीही जाते, म्हणजे वर्कशॉप बंद.

म्हणून आजचा विषय: फरशीला नक्की कशापासून जपायचं? बहुतेकांना वजनाची भीती वाटते. खरं नुकसान करतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्या चार आहेत: वाळूचा कण, हातातून पडणारी वस्तू, सांडलेलं द्रव आणि आच्छादनाखाली कोंडलेला ओलावा. प्रत्येकाचा उपाय वेगळा असल्यामुळे "काहीतरी एक अंथरू" म्हणून भागत नाही.

आधी फरशी ओळखा

नमुना काय आहे हे माहीत नसताना आपण प्रयोग सुरू करत नाही. इथेही तेच करायचं.

शहाबादी आणि कोटा: जुन्या घरांत या दोन फरश्या सर्रास दिसतात. शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते, कोटा राजस्थानातून. दोन्ही चुनखडक आहेत, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. मऊ आणि आम्लाला कच्च्या. लिंबू किंवा चिंचेचं पाणी सांडून राहिलं की त्यांच्यावर पांढुरका, निस्तेज डाग पडतो, तो याचमुळे.

मोझॅक: सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे बसवून घासलेली टाइल. सिमेंट आणि संगमरवर दोन्हीही आम्लाला कच्चे.

ग्लेझ्ड सिरॅमिक: वर काचेसारखा पातळ थर, आत सच्छिद्र भाजलेली माती. वरचा थर उडाला की आतला रंग दिसतो आणि तिथे पाणी मुरतं.

व्हिट्रिफाइड: कठीण, पाणी जवळपास न शोषणारी. पण पॉलिश केलेल्या प्रकारात पृष्ठभागावर अतिसूक्ष्म छिद्रं उघडी राहतात, त्यामुळे मार्करची शाई किंवा काळं ग्रीस त्यात बसू शकतं. दोन टाइलमधला सांधा मात्र बहुतेक वेळा सिमेंटचाच असतो.

ओळख पटली की खोलीभर "टकटक चाचणी" करा. एखाद्या नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने प्रत्येक टाइल मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांवर हलकेच वाजवा. खाली माल पूर्ण भरलेला असेल तर आवाज भरीव येतो. पोकळी असेल तर बोदा येतो. वहीत खोलीचा नकाशा काढून बोद्या टाइलवर फुली मारा. हा नकाशा पुढे लागणार आहे. सगळ्या फरशीचे फोटोही तारखेसह काढून ठेवा.

वजन आणि धक्का: जरा हिशेब करू

समजा वर्कबेंच आणि त्यावरचं सामान मिळून १२० किलो आहे. म्हणजे जमिनीवर सुमारे १,१७६ न्यूटन बळ, चार पायांत वाटलं तर प्रत्येकी २९४ न्यूटन.

आता टाइलची ताकद बघा. आयएसओ १३००६ या मानकानुसार पाणी शोषण ०.५ टक्क्यापर्यंत आणि जाडी ७.५ मिमी किंवा जास्त असलेल्या टाइलचं मोडण्याचं बळ किमान १,३०० न्यूटन असावं लागतं. ही चाचणी टाइल दोन दांड्यांवर टेकवून, मध्ये तिसऱ्या दांडीने दाबून करतात, म्हणजे टाइलच्या खाली मधे आधार नसतो. आपल्या खोलीत माल भरलेली टाइल याहून कितीतरी सुरक्षित स्थितीत असते. फरशी थोडी उंचसखल असल्यामुळे बेंच दोनच तिरप्या पायांवर टेकलं तरी एका पायावर ५८८ न्यूटन येतात. तेही मर्यादेच्या आत आहे. थोडक्यात, चांगल्या टाइलला बेंचचं उभं वजन सहसा मोडत नाही.

पण पायाचा आकार महत्त्वाचा आहे. २५ मिमीच्या चौकोनी पाइपची भिंत २ मिमी असेल, तर टोपी नसलेल्या एका पायाचा जमिनीला टेकणारा भाग फक्त १८४ चौरस मिमी असतो. त्याची कड पॉलिश खरवडते. त्याच पायाखाली १५० बाय १५० मिमीचा जाड प्लायचा तुकडा ठेवला तर टेकणारा भाग २२,५०० चौरस मिमी होतो, सुमारे १२२ पट. प्लाय थोडा वाकत असल्याने सगळ्या भागावर दाब सारखा पडणार नाही, पण कड मात्र नक्की टळते.

आता धक्का. एक किलोचा हातोडा ०.९ मीटर उंचीच्या बेंचवरून पडला, तर त्याची ऊर्जा सुमारे ८.८ ज्यूल. सरासरी बळ म्हणजे ही ऊर्जा भागिले थांबण्याचं अंतर. टणक पृष्ठभागावर तो समजा अर्ध्या मिलिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी बळ १७,६०० न्यूटन. तेच थांबण्याचं अंतर ५ मिमी झालं, तर १,७६० न्यूटन. उभं वजन आणि क्षणिक धक्का यांची थेट तुलना करता येत नाही, आणि अर्ध्या मिलिमीटरचा आकडा आपण गृहीत धरलेला आहे. तरी धडा स्पष्ट आहे: १२० किलोचं बेंच जे करत नाही, ते एक किलोचा हातोडा करू शकतो. त्यातही तो बोद्या टाइलवर, कोपऱ्याने पडला तर बघायलाच नको.

यातून आच्छादनाची दोन कामं ठरतात. एक, थांबण्याचं अंतर वाढवणं, हे मऊ थर करतो. दोन, बळ जास्त जागेवर पसरवणं, हे टणक थर करतो. नुसती सतरंजी टाकली तर दुसरं काम होत नाही. नुसती पातळ हार्डबोर्ड शीट टाकली तर पहिलं होत नाही.

वाळूचा कण

मोहच्या कठीणपणाच्या मापावर कॅल्साइट ३ वर आहे, म्हणजे शहाबादी-कोट्याचा मुख्य घटक. काच साधारण ५.५, क्वार्ट्झ ७. ग्राइंडरचं चाक आणि पॉलिश पेपर यांत वापरतात ते ॲल्युमिनियम ऑक्साइड ९. जास्त आकड्याचा पदार्थ कमी आकड्याच्या पदार्थावर ओरखडा पाडतो.

आपल्याकडची काळी माती चिकण असते. ती डाग पाडते, पण ओरखडा पाडण्याएवढी कठीण नसते. ओरखडे येतात तिच्याबरोबर चपलेतून आलेल्या बांधकामाच्या वाळूमुळे आणि आपणच पाडलेल्या पॉलिश पेपरच्या कणांमुळे. आणि इथेच सगळ्यात सोपी गोष्ट राहून जाते. फरशी न झाडता आच्छादन टाकलं, तर खाली अडकलेला कण बेंचच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर घासत राहतो. आच्छादन असल्यामुळे तो दिसतही नाही. सहा महिन्यांनी उचलल्यावर खाली धुरकट पट्टे दिसतात. म्हणून आधी झाडणं, मग ओल्या फडक्याने दोनदा पुसणं, पूर्ण वाळू देणं आणि मगच अंथरणं.

लोखंडाच्या किसाचा धोका आणखी वेगळा आहे. तो फरशीवर राहिला आणि वरून पोछा फिरला, की रात्रीत गंज धरतो. शहाबादीत हा तांबूस डाग आत मुरतो. कीस गोळा करायला प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून फिरवा आणि नंतर पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढा. कीस पिशवीत राहतो. ड्रिलखाली जुनी परात ठेवली तर निम्मं काम आधीच होतं. फक्त ती परात पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

द्रव आणि उष्णता

इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेले अनेक जण घरीच सर्किट बोर्ड कोरतात आणि त्यासाठी फेरिक क्लोराइड आणतात. चुनखडकाच्या फरशीवर हे द्रावण दुहेरी घात करतं. ते आम्लधर्मी असल्यामुळे दगड खातं. दगड खाताना त्याचं आम्ल संपतं आणि मग त्यातलं लोह हायड्रॉक्साइडच्या रूपाने दगडाच्या छिद्रांतच साचतं. म्हणून तो तपकिरी डाग घासून निघत नाही. शक्यतो हे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करा. घरी करायचंच असेल तर एका प्लास्टिक ट्रेमध्ये दुसरा ट्रे, आणि बाहेरचा ट्रे सगळं द्रावण सांडलं तरी मावेल एवढा. वापरलेल्या द्रावणात तांबं असतं. ते नालीत ओतायचं नाही, बाटलीत भरून प्रयोगशाळेत द्यायचं. तीव्र आम्लं तर घरात आणूच नका, फरशी कुठलीही असो.

सोल्डरचा थेंब टाइलवर पडला तर थिजतो आणि बहुधा सुटून येतो. ग्राइंडरच्या ठिणग्या मात्र जळत्या लोखंडाचे कण असतात. ते काचेत किंवा ग्लेझमध्ये रुतून बसतात आणि पुढे गंजतात. शिवाय खाली पुठ्ठा, भुसा असेल तर आगीची भीती. ग्राइंडिंग आणि वेल्डिंग अंगणात किंवा गच्चीवर, खोलीत नाही.

कोंडलेला ओलावा

तळमजल्याच्या जुन्या घरांत फरशीखालून जमिनीतला ओलावा वाफेच्या रूपात सतत वर येत असतो. उघड्या फरशीवर तो उडून जातो. वर प्लास्टिक टाकलं की अडकतो. मग शहाबादीवर पांढरा खार धरतो, प्लाय फुगतो, बुरशीचा वास येतो.

हे आधी तपासता येतं. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर बंद करा आणि किमान १६ तास ठेवा. ही पद्धत उघड्या काँक्रीटसाठी प्रमाणित आहे, शहाबादीवर ती साधारण अंदाज देते. खाली दव धरलं किंवा दगड काळसर झाला, तर प्लास्टिकचा थर टाळा. व्हिट्रिफाइडमध्ये टाइलमधून ओलावा येत नाही, पण सांध्यांतून येऊ शकतो, म्हणून तुकडा सांध्यावर लावा. चाचणी पावसाळ्यात परत एकदा करा. उन्हाळ्यातलं "कोरडं" हे उत्तर श्रावणात लागू पडेलच असं नाही.

घरात मिळणारी आच्छादनं

जुना फ्लेक्स: वाढदिवस आणि निवडणुकीचे बॅनर गावोगाव मिळतात. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिएस्टर कापड. पाणी अडवतो, फुकट मिळतो. पण वाफही अडवतो, घसरतो, गरम थेंबाने वितळतो आणि पीव्हीसी मऊ ठेवणारी द्रव्यं दीर्घकाळात खालच्या पृष्ठभागावर उतरून डाग पाडू शकतात. वापरायचाच तर थेट फरशीवर नको, वरच्या थरात.

गोठ्यातली रबर मॅट: धक्का झेलायला उत्तम. पण काळ्या रबरातली रसायनं फिक्या फरशीवर न निघणारे डाग पाडतात, म्हणून हीसुद्धा थेट फरशीवर नको. तिच्या खाचांत कीस अडकतो, त्यामुळे कानस चालवायच्या जागी ठेवू नका.

प्लास्टिकवर पीओपी: इंटेरियरचं काम चालू असताना फरशीवर प्लास्टिक अंथरून वर प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर देण्याची पद्धत तुम्ही पाहिली असेल. काही आठवड्यांच्या कामासाठी ती ठीक आहे. कायमच्या वर्कशॉपमध्ये तो थर तडकतो, त्याची धूळ होते आणि ओलावा खाली कोंडतो.

पुठ्ठा: फ्रिज-टीव्हीच्या खोक्याचा कोरा पुठ्ठा वाफ जाऊ देतो आणि थोडा मऊपणाही देतो. भिजला की बदलायचा. छापील बाजू वर ठेवायची, शाई खाली उतरू नये म्हणून. वर्तमानपत्र याच कारणासाठी टाळावं.

प्लाय: १२ मिमीचा प्लाय बळ पसरवतो. बांधकामावरचा जुना शटरिंग प्लाय स्वस्तात मिळतो, पण त्याला चिकटलेलं सिमेंट आणि खिळे दोन्ही बाजूंनी नीट काढून घ्या.

मग अंथरायचं कसं?

१. दार आत उघडत असेल तर दाराखालची फट आधी मोजा. पुठ्ठा आणि प्लाय मिळून दीड-दोन सेंटिमीटर उंची वाढते.

२. फरशी झाडा, पुसा, वाळवा.

३. सर्वांत खाली कोरा पुठ्ठा किंवा स्वच्छ, रंग न जाणारी जुनी पांढरी चादर.

४. त्यावर प्लाय. भिंतीपासून साधारण १० मिमी फट सोडा, म्हणजे फुगायला जागा राहते आणि हवा खेळते. आठ बाय चारच्या तीन शीट म्हणजे ९६ चौरस फूट, दहा बाय दहाच्या खोलीला जवळपास पुरतात. बजेट नसेल तर बेंचखाली आणि बेंचसमोर उभं राहायच्या जागेत तरी टाकाच.

५. चिकटपट्टी प्लायच्या सांध्यांवर वरून लावा. फरशीला पट्टी लावू नका, महिन्यांनी तिचा गोंद निघत नाही.

६. बेंच बोद्या टाइलपासून दूर ठेवा. व्हाइस बेंचच्या पायाच्या बरोबर वर बसवा. दोन पायांच्या मधे बसवला तर प्रत्येक ठोक्याला फळी लवते, बेंच सरकतं आणि खालचे कण घासतात.

७. जड सामान हाताळायच्या जागी प्लायवर रबर मॅट, द्रव हाताळायच्या जागी ट्रे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासून बघा

गच्चीवर किंवा जिन्याखाली बांधकामातून उरलेल्या टाइल असतातच. त्या वापरून छोटा प्रयोग करता येतो. एकाच खोक्यातल्या टाइल घ्या. एकीवर काहीच नाही, ही तुमची तुलनेची टाइल. बाकीच्यांवर फक्त पुठ्ठा, फक्त फ्लेक्स, पुठ्ठा आणि प्लाय अशी वेगवेगळी आच्छादनं. सगळ्या टाइल सारख्याच दाबलेल्या वाळूवर बसवा. एकच लोखंडी वजन पीव्हीसी पाइपमधून सोडा, म्हणजे ते दरवेळी एकाच जागी पडेल. उंची १० सेंटिमीटरने वाढवत जा आणि कोणत्या उंचीला तडा गेला ते लिहा. प्रत्येक आच्छादनासाठी किमान तीन टाइल. डोळ्यांना गॉगल आणि पायात बूट हवेतच, टाइलचे तुकडे उडतात.

ओरखड्यांसाठी आच्छादनाच्या वर आणि खाली चमचा-चमचा वाळू टाकून, वरून वीट ठरावीक वेळा घासा. मग टाइल धुऊन, टॉर्च आडवी धरून बघा. कोणती टाइल कोणत्या आच्छादनाखालची हे माहीत नसलेल्या भावाला किंवा बहिणीला क्रम लावायला सांगा. आपल्याला आवडतं आच्छादन जिंकावं असं मनात असेल, तर आपले डोळे आपल्याला फसवतात.

एक मर्यादा लक्षात घ्या. वाळूवरची टाइल आणि मालावर बसवलेली टाइल सारखी वागत नाही. त्यामुळे "६० सेंटिमीटरपर्यंत सुरक्षित" हा आकडा तुमच्या खोलीला लावता येणार नाही. कोणतं आच्छादन कोणापेक्षा चांगलं, हा क्रम मात्र बऱ्यापैकी विश्वासाने लावता येईल. कोणता निष्कर्ष प्रयोगाबाहेर नेता येतो आणि कोणता नाही, हे प्रबंधात तुम्हाला हजारदा ठरवावं लागणार आहे.

उंबरठ्यापाशी एक सीमा

शेवटचा मुद्दा फरशीपेक्षा माणसांचा आहे. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं. त्याचे बारीक कण, सर्किट बोर्ड कापताना उडणारी काचतंतूंची धूळ आणि धातूचा कीस आपल्या तळपायांबरोबर शेजारच्या खोलीत जातो. तिथे मूल रांगत असतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वर्कशॉपची चप्पल वेगळी ठेवा, ती दाराच्या आतच काढा. दारात ओलसर पायपुसणं ठेवा आणि ते घरच्या कपड्यांत न मिसळता धुवा. कोरडा झाडू धूळ उडवतो, म्हणून सोल्डरिंगची जागा ओल्या फडक्याने पुसा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. निर्वात नळ्या आणि आरशांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांतही दाराशी पादत्राणं बदलतात. तिथे आतल्या उपकरणाला बाहेरच्या धुळीपासून जपायचं असतं, आपल्याला बाहेरच्या घराला आतल्या धुळीपासून.

महिन्यातून एकदा प्लायचा एक कोपरा उचला. खाली हात फिरवून बघा: ओल आहे का, वाळू आहे का, वास येतो का, पुठ्ठा मऊ पडलाय का. जे दिसेल ते तारखेसह त्याच वहीत, टकटक चाचणीच्या नकाशाशेजारी लिहा. पावसाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करा. खोली परत द्यायची वेळ येईल तेव्हा सुरुवातीचे फोटो आणि ही वही दोन्ही तुमच्या हातात असतील.